काकांच्या प्रेसमधला बूटलोडर

मागच्या गुरुवारी दुपारी मी डोणगावात काकांच्या प्रेसमधला चांगला चालू कॉम्प्युटर बंद पाडला. बंद म्हणजे लाइट लागत होते, फॅन फिरत होता... पण त्याच्या पुढे काहीच नाही.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्नपत्रिका छापतात. त्यांचा जुना कॉम्प्युटर रडत रडत चालायचा म्हणून गेल्या वर्षी मीच त्यात लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकून दिली. जुन्या फायलींची दुसरी हार्डडिस्क होती, ती तशीच जोडलेली ठेवली. आणि लिनक्स कुठल्या डिस्कवर आहे ते विसरायला नको म्हणून कॅबिनेटवर स्टिकर लावलं... 'लिनक्स = एसडीए', म्हणजे पहिल्या वायरवरची डिस्क. फार हुशार ना मी!

या सुट्टीत डोक्यात आलं की बूटलोडर सोर्स कोडपासून, म्हणजे अगदी मुळापासून बनवायचा. बूटलोडर म्हणजे बटण दाबल्यावर सुरुवातीला जागा होणारा छोटासा प्रोग्राम, तोच मग लिनक्सला उठवतो. एका कमांडमध्ये तयार मिळतो, माहितेय... पण मला स्वतः कंपाइल केलेला हवा होता. आणि सुरू होताना स्क्रीनवर काकांच्या प्रेसचं नाव यायला हवं होतं.

खरं सांगू? माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर ट्राय करायची हिंमत नव्हती. म्हणून काकांचा कॉम्प्युटर.

कॉन्फिगर करतानाच तीनदा अडलं... हे पॅकेज नाही, ते नाही. मग एकदाचं कंपाइल सुरू झालं आणि ओळी अशा सरसर वर जायला लागल्या की पत्रिकांच्या घड्या घालता घालता काका थांबूनच गेले.

"एवढं काय छापून राह्यली वं पोरी?"

छापत नाही काका, बनतंय... मी एकदम ऐटीत.

सगळं मिळून तीन तास गेले. मग स्टिकर बघितलं आणि एसडीएवर इन्स्टॉल केलं. 'नो एरर रिपोर्टेड' असं आलं. मी खुर्चीतच एक गिरकी घेतली आणि रीस्टार्ट केलं.

काळी स्क्रीन. 'सिम्बॉल नॉट फाउंड'. त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' (ग्रब हे बूटलोडरचं नाव) आणि लुकलुकणारा कर्सर... बस.

नेमके तेव्हाच रफिकभाई आले. त्यांचं गाद्यांचं दुकान आहे, आणि त्यांच्या मुलीची पत्रिका याच कॉम्प्युटरमध्ये होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे मेहुणे मलकापूरला परत जाणार होते, तिकडच्या सगळ्या पाहुण्यांच्या पत्रिका त्यांच्याच हाती पाठवायच्या होत्या.

काकांचा एक नियम आहे. आधी एक कागद प्रूफ काढायचं, गिऱ्हाइकाची सही घ्यायची, मगच छापायचं. सख्ख्या भावाची पत्रिका असली तरी. रफिकभाई त्या सहीसाठीच आले होते.

काकांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तू प्रूफ काढलं होतं का आधी?"

आधी पेनड्राइव्हवर चालवून बघता आलं असतं... पेनड्राइव्ह बॅगेतच होता.

तासभर काय काय केलं. काही नाही. मी तर बरोबर डिस्कवर टाकलं होतं, एरर पण नव्हता, म्हणजे डिस्कच खराब झाली असणार... असं माझं लॉजिक. शेवटी रडवेल्या आवाजात सांगून टाकलं, "हार्डडिस्क गेली बहुतेक. पत्रिका पुन्हा बनवावी लागेल, उद्यापर्यंत नाही होणार."

रफिकभाई चिडले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं. "बेटा, तीन बार नावं बदलली. कोणाचं वर, कोणाचं खाली... मोठ्या मुश्किलीनं दोन्ही घरं राजी झाली त्याच्यावर. आता पुन्हा इचारायले गेलो तं पुन्हा भांडन."

मग काकांनी हातातल्या पत्रिका खाली ठेवल्या.

"हार्डडिस्क नसन गेली, पोरी. म्या खोललं होतं हे."

"काय?"

"खंडेनवमीले. साऱ्या मशिनी पुसल्या, पूजा केली... म्हटलं यानंच काय घोडं मारलं? झाकन खोललं, वायरी काढल्या, ब्रश मारला. लावतानी कोनती कुठं होती ते ध्यानात नाही राह्यलं. चालू झाला, म्हनून तुले बोललो नाही."

मला हसू की रडू कळेना... दोन्ही डिस्कच्या वायरींची अदलाबदल झाली होती! लिनक्सची डिस्क आता दुसऱ्या वायरवर, म्हणजे एसडीबी होती, आणि मी माझ्याच स्टिकरवर विश्वास ठेवून नवा बूटलोडर जुन्या फायलींच्या डिस्कवर टाकला होता. लिनक्सच्या डिस्कवर उठवणारा जुनाच राहिला आणि त्याच्या मदतीच्या फायली तेवढ्या नव्या झाल्या. दोघांचं जमेना. एक साधी कमांड मारून आधी बघितलं असतं तरी कळलं असतं.

पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला. डिस्कची साइज तीनदा वाचली, मग बरोबर डिस्कवर इन्स्टॉल केलं. रीस्टार्टच्या वेळी डोळे मिटले होते, खोटं कशाला बोलू...

"अरे वा, हा तं पयलेच प्रेसचं नाव सांगते!" हे रफिकभाई.

पत्रिका जशीच्या तशी होती. प्रूफ निघालं, सही झाली, छपाई झाली, आणि दिवेलागणीला गठ्ठा बांधून ते घरी गेले. जाताना मला म्हणाले, लग्नाला यायचं, हा कॉम्प्युटर सोडून.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. काका गप्प बसले असते तर कोणालाच कळलं नसतं. हार्डडिस्क गेली असं मी स्वतःच सांगून टाकलं होतं ना, सगळं खापर माझ्यावर आरामात फुटलं असतं.

बूटलोडर कंपाइल करायला मला तीन तास लागले. पण गिऱ्हाइकासमोर, पुतणीसमोर 'म्या खोललं होतं' म्हणायला काकांना काय वाटलं असेल...

थँक्यू, काका.