पावण्याकडून घेतलेली मोटार

नोकरीतल्या बहुतेक फायली डोक्यातून गेल्या. घोडेगावच्या कॉलेजबाहेर ताब्यात घेतलेली एक पांढरी मोटार मात्र काही केल्या जात नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा त्या भागात फौजदार होतो.

खबर आली आमच्या एका खबऱ्याकडून. तो गॅरेजात काम करायचा आणि ती गाडी ब्रेकच्या कामासाठी त्याच्याकडे आली होती. म्हणाला, "साहेब, मीटर बघाल तर गाडी कालच शोरूममधनं निघाल्यावानी. आन् पायडलाचं रबर पार गुळगुळीत! लई पळालेली गाडी हाय. चेसिसचा नंबर बी घासलाय."

गाडी चालवत होती कॉलेजात जाणारी एक मुलगी. त्या बाजूला मोटार चालवणारी मुलगी तेव्हा शोधूनही सापडली नसती. तिच्या वाडीतल्या आणखी दोघींना ती रोज बरोबर आणायची. तळेघरच्या वाटेवर एसटी मोजक्याच. चुकली की पायपीट. म्हणून बापाने होत्या तेवढ्या मेंढ्या विकून तिला ही जुनी गाडी घेऊन दिली होती.

पंचनामा केला, इंजिनचा नंबर आरटीओकडे पाठवला. उत्तर आलं, तिकडच्या पोलिसांशी बोलणं झालं आणि ठाण्यातली चेष्टामस्करी थांबली. गाडी नाशिककडची, भाड्याने चालणारी. ती पळवताना चोरट्यांनी चालकाच्या डोक्यात पाना घातला होता. तो बिचारा अजून दवाखान्यात होता. म्हणजे प्रकरण जबरी चोरीचं झालं.

बापाला बोलावलं. फेटा मांडीवर घेऊन बाकावर बसला.

"गाडी कोणाकडून घेतली?"

"बाजारात घेतली, साहेब."

"बैलांचा भरतो तसा मोटारींचा बाजार भरतो का हो? कागद कुठायत?"

"मागनं देतो म्हनला."

"कोण म्हणाला?"

तो फेट्याची घडी नीट करू लागला. माझा पारा चढला. "हे बघा, गाडी पोरगी चालवत होती. तुम्ही बोलला नाहीत, तर तिचंही नाव यात येईल. कॉलेज राहील बाजूला!"

त्याने हात जोडले. "पोरीला सोडा साहेब. मला काय करायचं ते करा."

मुरलेल्या गुन्हेगाराकडे खोटं उत्तर तयार असतं. हा माणूस साधी थाप मारतानाही अडखळत होता. चोर नव्हता हे मला कळत होतं. पण चालकाच्या डोक्यातल्या टाक्यांचा जाब कोणाला तरी द्यावाच लागणार होता. शेवटी त्याला अटक केली. स्टेशन डायरीत नोंद होत असताना तो एवढंच पुटपुटला, "काही मान्सांना कागद मागता येत न्हाईत, साहेब."

दुसऱ्या दिवशी येडगावहून एसटीने एक बाई आली. एकटीच. त्याची थोरली मुलगी. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "ती गाडी माज्या दिरानं इकली. आमच्याच अंगनात उभी व्हती."

कोठडीतून बाप ओरडला, "गप बस गं! तुजं घर मोडंल!"

"मला सातवीतनं काढलं तवा गप बसले, दादा. आता तिचं कॉलेज बंद पडू देनार न्हाई."

तो धिप्पाड माणूस गज धरून ढसाढसा रडला. "लेक दिलीया तिथं, साहेब. पावण्याला कागद मागायचा व्हय? इस्वास न्हाई म्हनत्याल, आन् राग काढत्याल लेकीवर."

दीर पोपटासारखा बोलला. त्याचे दोन साथीदार सापडले. मीटर मागे फिरवल्याचंही त्यांनी कबूल केलं. बाप सुटला आणि आरोपीऐवजी साक्षीदार झाला. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात लागली आणि धाकटी पुन्हा एसटीने जाऊ लागली.

थोरलीने जबाबावर सही केली त्या दिवशी मी सहज म्हणालो, "जा आता घरी."

तिने विचारलं, "कुठल्या?"

बापाने पुढे होऊन तिची पिशवी उचलली, म्हणाला, "चल."

तेव्हापासून गप्प बसलेल्या माणसावर मी लगेच आवाज चढवत नसे. हा कोणाचं घर सांभाळतोय, ते आधी शोधायचो. गुन्हेगार पकडायला त्याचा पुढे फार उपयोग झाला.

गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. खरं सांगतो, ती शाबासकी अंगाला लागली नाही. गुन्हा एका बाईने आपला संसार पणाला लावून उघडकीस आणला होता. बदली होऊन निघताना मी बापाच्या घरी जाऊन आलो. धाकटी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. थोरलीच्या नवऱ्याने भावाची बाजू धरली होती, आणि तिला न्यायला येडगावहून अजून कोणीही आलं नव्हतं.