चातुर्मासात सोडलेला मत्सर

दह्याचे रिकामे डबे कुणी मुद्दाम साठवत नाही. तरी अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरात सिंकखालचं कपाट उघडा, दहा-बारा डबे अंगावर येतात. आमच्या मंगळवारच्या क्लासचे किस्से तसेच साठलेत. थोडे बाहेर काढते, म्हणजे कपाट तरी बंद होईल.

क्लास कसला, तर रोमन लोकांच्या टवाळ कवितांचा! आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहतो. इथल्या लायब्ररीत वॉल्टर सर म्हणून एक रिटायर्ड लॅटिन शिक्षक मंगळवारी सकाळी फुकट शिकवतात. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये म्हणे असे कवी होते, जे श्रीमंतांचा माज, गरिबांची लाचारी आणि सगळ्यांचाच हावरटपणा यांची यथेच्छ टर उडवायचे. जूनमध्ये शुभांगीने आम्हा तिघींची नावं घातली. तिघी म्हणजे ती, मी आणि नागपूरच्या नीलाकाकू. काकू मुलाकडे राहतात. वय बहात्तर, जिभेचं वय अठरा.

शुभांगीचं आधीच सांगून टाकते. आम्ही दोघी एकाच वर्षी इथे आलो, एकाच अपार्टमेंटमध्ये, भिंतीला भिंत लागून. मी अजून तिथेच आहे. सोळा सोमवार मी केले, घर तिला मिळालं. शुक्रवार मी धरले, तिचा नवरा व्हीपी झाला. ती एकादशीला ऑम्लेट खाते हो! पण इथली माझी जिवाभावाची मैत्रीण ती एकच. अलीकडे मात्र तिचा फोन वाजला की आता हिने नवीन काय घेतलं असेल, हे आधी मनात यायचं, मग मी उचलायची. दोनदा तर उचललाच नाही. हे असंच चाललं तर मैत्री जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

*

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, माणसाच्या कुठल्या दुर्गुणावर कविता लिहायला आवडेल? शुभांगी म्हणाली, उधळपट्टी. मांडीवर नवी पर्स होती, तिची किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती.

काकूंनी सुनेचा आळस सांगितला. सर म्हणाले, एका माणसाचं नको, सर्वांना लागू होईल असं काहीतरी सांगा.

काकू शांतपणे म्हणाल्या, "मग सुनांचा आळस."

माझी पाळी आली तेव्हा मी पाणी प्यायला उठले.

*

आषाढी एकादशी आली. चातुर्मासात काय काय सोडायचं, यावर आमची चर्चा झाली. काकूंनी वांगं सोडलं. शुभांगीने कॉफीतली साखर सोडली, ती डॉक्टरांनी आधीच सोडायला लावली होती. मी देवासमोर बसले आणि शुभांगीचा मत्सर सोडला.

नेम असा केला: मनात हेवा आला की लगेच तिच्याबद्दल एक चांगला शब्द तिलाच सांगायचा, आणि तोही खरा.

पहिल्या आठवड्यात मी तिला चौदा मेसेज केले. तिच्या पडद्यांचं कौतुक, तिच्या मुलाच्या हस्ताक्षराचं कौतुक. आठव्या दिवशी तिचा फोन आला, आवाज काळजीचा. "अगं, रिपोर्ट बिपोर्ट काही आलेत का तुझे? खरं सांग मला."

*

पुढे सरांनी रोमन मेजवान्यांचं शिकवलं. यजमान स्वतः उंची मासा खायचा आणि खालच्या रांगेतल्या पाहुण्यांना शिळा पाव वाढायचा. दोघंही एकाच दिवाणखान्यात, एकमेकांना दिसत.

काकू माझ्या कानात म्हणाल्या, "म्हणजे आपलं बेसमेंटच की."

मला हसू दाबता येईना. मागच्या गणपतीत शुभांगीकडे ऑफिसची मंडळी वर डायनिंग टेबलावर होती, चिनी मातीच्या प्लेटा घेऊन. आम्ही बेसमेंटमध्ये, मांडीवर कागदी प्लेट घेऊन. वरून श्रीखंड खाली येईपर्यंत चारोळ्याच उरल्या होत्या.

वर्गात सगळ्यात जास्त हसली ती शुभांगी. डोळे पुसत म्हणाली, "काय माणसं असतात बाई!" आणि निघताना मला म्हणाली, यंदा गणपतीला जरा लवकर ये, तुझ्यासारख्या पुऱ्या कुणाला जमत नाहीत.

*

गेले. तिच्या किचनमध्ये मधोमध एवढा मोठा ओटा आहे, की माझं अख्खं स्वयंपाकघर त्यावर मांडता येईल. पहिली पुरी फुगली आणि तिच्याबरोबर माझा हेवाही फुगला. नेम तो नेम. मी म्हटलं, "तुझा एक्झॉस्ट काय सुंदर ओढतो गं. धुराचा वासही नाही."

ती खूश झाली. "हो ना? म्हणूनच इथे तळायला मजा येते," असं म्हणून तिने कणकेचा दुसरा गोळा माझ्यापुढे ठेवला.

*

सरांनी गृहपाठ दिला, एका दुर्गुणावर इंग्लिशमधून वीस ओळी लिहायच्या. काकूंना इंग्लिश लिहिता येत नाही. त्यांनी मराठीत सांगितलं आणि सुनेने इंग्लिशमध्ये टाइप केलं. विषय अर्थातच सुनांचा आळस.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, यातली बाई अगदी डोळ्यांसमोर उभी राहते.

काकू म्हणाल्या, "समोरच बसली होती ना. दोन ठिकाणी तर तिनेच भर घातली."

*

आता हा किस्सा सांगताना मला लाज वाटते, पण सांगते. सरांनी शिकवलं की रोममध्ये गरिबाची खोली जळली तर कुणी भाकरतुकडाही द्यायचं नाही, आणि श्रीमंताचं घर जळलं तर सगळं गाव भेटी घेऊन धावायचं. सर म्हणाले, ही जरा अतिशयोक्ती असेल.

त्याच आठवड्यात शुभांगीच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. आमच्या ग्रुपवर लगेच जेवणाचं वेळापत्रक लागलं. दोन आठवडे रोज कुणी ना कुणी डबा पोचवत होतं. कुणी फुलंसुद्धा नेली. दोन वर्षांपूर्वी आमच्या बाथरूमचा पाइप फुटला होता, तेव्हा ग्रुपवर हात जोडलेले तीन इमोजी आले होते आणि एक "टेक केअर".

मला तिच्या घरात शिरलेल्या पाण्याचाही हेवा वाटला! नेमाप्रमाणे मी बेसनाचे लाडू घेऊन गेले. चांगलं काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, "पाणी अगदी स्वच्छ होतं गं तुझं."

*

कार्तिकी एकादशी जवळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चातुर्मासात जे सोडतो ते उद्यापनाला दान करायचं असतं. काकू पाच वांगी देवळात देणार होत्या. मी मत्सर कुणाला देऊ?

आमच्या वाईच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल केला. त्यांच्या चाळीस वर्षांच्या पौरोहित्यात हे कुणी सोडलं नव्हतं. बराच वेळ त्यांनी पंचांग चाळलं. मग म्हणाले, "कुणाचा होता?"

मी म्हटलं, "मैत्रिणीचा."

"मग ज्याचा त्याला देऊन टाका."

द्वादशीला सकाळी ताटात नारळ आणि विडा घेऊन शुभांगीच्या दारात उभी राहिले. ऐकून ती म्हणाली असती "परत येऊ नकोस", तर मला परत येता आलं नसतं. तिला सोफ्यावर बसवलं, ताट तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. तुझ्या किचनचा हेवा वाटला. बेसमेंटचा वाटला. बेसमेंटमधल्या पाण्याचा वाटला. तुझी आई दर वर्षी सहा महिने येऊन राहते, त्याचा तर इतका वाटला की तिच्या पाया पडतानाही वाटला. आणि तू एकही उपास करत नाहीस तरी देव तुलाच देतो, याचा सगळ्यात जास्त. चार महिने सोडला होता, आज तुला देते आहे.

शुभांगी कहाणी ऐकावी तशी डोळे मिटून ऐकत होती. ताट मांडीवर तसंच.

मग तिने डोळे उघडले. ते भरलेले होते.

"सगळं सांगितलंस," ती म्हणाली. "मग गाडीचं का नाही सांगितलंस? दिवाळीत घेतली. सगळे बोलले. तू एक शब्द बोलली नाहीस."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ड्राइव्हवेवर उभी होती, गडद निळी, चकचकीत. माझं खरंच लक्ष गेलं नव्हतं.

"अगं," मी म्हटलं, "ती चातुर्मास संपल्यावर नीट बघणार होते."