प्रसादचं पिस्तूल

२०१८ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. त्या उन्हाळ्यात मी जे केलं ते आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही — बायको असती तर तिलाही सांगितलं नसतं. तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका.

मी चौथी शिकलेला. कऱ्हाडात एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन जन्म काढला. खाकी शर्टाला रोज कडक इस्त्री. गोळी एकदाही झाडली नाही — झाडायची वेळच येऊ दिली नाही, असं मी म्हणतो. त्या पगारावर माझा प्रसाद इंजिनियर झाला, हॉलंडात नीउ-व्हेनेपला घर घेऊन राहिला. दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर मी तिकडे.

घरामागच्या बागेत सूनबाई मंजिरीनं माझ्यासाठी गुलबाक्षी लावलेली. बी मीच नेलेलं, रुमालात बांधून. दुपार कलली की फुलायची, सकाळी मान टाकायची. चहा घेऊन मी तिच्यासमोर बसायचो. सुख म्हणजे वेगळं काय असतं?

त्या वर्षी आणखी एक वाट बघणं होतं. शेजारच्या हेंकनं प्रसादला नेमबाजीच्या क्लबात नेलेलं. तिथं आधी वर्षभर क्लबाच्या हत्यारावर हात बसवायचा; मग पोलीस घर बघणार, ओळखीच्यांना विचारणार. प्रसादचं नवं पिस्तूल दुकानात येऊन पडलेलं — परवाना मिळाला की आणायचं. हत्यार कसं पुसायचं, तेल किती लावायचं, मी त्याला जेवताना सांगायचो. पोरगा ऐकायचा. माझी छाती — काय सांगू!

मग एकदा हेंकनं कुंपणावरून मला सलाम ठोकला. "कॅप्टन!" मी मंजिरीला विचारलं, हा कसली थट्टा करतो?

ती खाली बघत म्हणाली, "अप्पा, क्लबात सगळ्यांना वाटतं तुम्ही मिलिटरीत कॅप्टन होता. प्रसादच तसं बोललाय. तुम्ही मनावर घेऊ नका."

मनावर घेऊ नका! शाळेत असताना हा मित्रांना घेऊन बँकेवरून जायचा नाही, लांबून वळसा घालायचा. मला दिसायचं. गिळलं मी ते, पोर होतं म्हणून. पण आता? केस पांढरे झालेल्या माणसाला बाप वॉचमन होता म्हणायची लाज? — आणि तीही बंदुकीच्याच क्लबात?

भांडलो असतो तर बरं झालं असतं. नाही भांडलो. मी कशाला तोंड उघडू? तेल किती लावायचं ते सांगणं तेवढं बंद केलं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

आठवड्याभरात दोन पोलीस आले. एक जण प्रसादबरोबर माळ्यावर पिस्तुलाची तिजोरी बघायला गेला. दुसरी बाई, सुरिनामची हिंदुस्तानी, वाडवडील मूळ बिहारकडचे — त्यांच्या घरात आपल्या हिंदीसारखंच बोलतात. ती माझ्यापाशी बागेत आली. "बाबूजी, बेटा ठीक बा न? कौनो चिंता?"

मी गुलबाक्षीकडे बघत म्हणालो, "लड़का अच्छा है. पर आजकल बोलता है, जीने का मन नहीं."

असं तो कधी बोलला नव्हता. कधीच नाही. रागात निसटलं का माझ्या तोंडून? तेही नाही — पोलीस येणार कळल्यापासून मी वाक्य जुळवत होतो. त्या बाईनं माझ्या हातावर हात ठेवला. मी हात काढून घेतला नाही.

ऑगस्ट सरता सरता फोन आला. परवाना नाही. जवळच्या माणसाकडून काळजीचं कळलंय, एवढंच. नाव सांगता येणार नाही. ओळखीचा म्हणून प्रसादनं पोलिसांना हेंकचं नाव दिलेलं.

"हेंकच! दुसरं कोण असणार, अप्पा?"

मला विचारत होता तो. मी म्हणालो, "मला तो माणूस पहिल्यापासून बरा वाटला नाही."

प्रसाद तसाच कुंपणापाशी गेला, हेंकला नाही नाही ते बोलला. हेंकच्या हातात पाण्याची झारी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेलो. हेंक पलीकडे उभाच होता. मला बघून जवळ आला, काहीतरी विचारू लागला — बोलणं कळलं नाही, पण काय विचारतोय ते कळलं — माझं काय चुकलं? मी त्याच्याकडे पाठ केली, आत गेलो आणि दार लावून घेतलं.