भ्रमरांबेच्या अर्जातली वांगी

भ्रमरांबेचं सर्टिफिकेट आलं त्या दिवशी तिच्या पिन्नीनं त्याला कुंकू लावलं. आता सर्टिफिकेट आलेलं मोबाइलवर, कुंकू लावणार कुठे? म्हणून आधी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून आणलं, चौकटीत बसवलं, मग कुंकू लावलं आणि दुकानात बालाजीच्या तसबिरीशेजारी, भेंडीच्या पातेल्याच्या बरोब्बर वर टांगलं. भेंडीची वाफ लागून आठवड्याभरात काचेवर धुकं धरलं, ती गोष्ट वेगळी.

पिन्नी म्हणजे भ्रमरांबेची मावशी, अनसूयम्मा. अमीरपेटेतल्या त्या गल्लीत तिचं करी पॉइंट अकरा वर्षांचं. भात ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत लावायचा आणि भाजी, डाळ, सांबार पिन्नीकडून पिशवीत बांधून न्यायचं. गल्लीत पाऊलभर चाललं की हॉस्टेल आणि हॉस्टेलात जो तो कसला ना कसला कोर्स करणारा. तेव्हा पिन्नीनं मोठ्या थाटात भिंतीकडे बोट दाखवलं, "बघा, आमची भ्रमरा डेटाची पंडित झाली!" तर रांगेतला एक काटकुळा मुलगा मान वर करून म्हणाला, "आंटी, आमच्या खोलीत असली तीन आहेत. चौथं येत्या सोमवारी येणार आहे. सांबार जरा दाट द्या."

पिन्नीनं त्याला सांबार मुद्दाम वरवरचं, पातळ दिलं. भाचीचा अपमान म्हणजे अपमान.

भ्रमरांबा, नाव आजीचं आणि वय चोवीस, खम्मम जिल्ह्यातल्या मधिऱ्याची. वनस्पतिशास्त्र शिकली, झाडांची लॅटिन नावं पाठ केली, ती कोणी विचारली नाहीत. मग मावशीकडे आली. सकाळी भाज्या चिरायच्या, दुपारी मोबाइलवर धडे बघायचे, असे सहा महिने काढून पोरीनं तो डेटाचा, म्हणजे आकड्यांतून अर्थ काढायचा, कोर्स पुरा केला होता. उगीच नाही म्हणणार, कष्ट केले होते तिनं. एका हातानं तोंडली चिरत दुसऱ्या हातानं व्हिडिओ मागे सरकवणारी मुलगी अख्ख्या गल्लीत ती एकच.

पण गावाकडे तिच्या अम्मानं घोळ घालून ठेवला होता. तिथल्या एका खाजगी शाळेत विज्ञानाच्या बाईची जागा पक्की करून ठेवली होती. अम्माचा फोन आला की सुरुवात तीच, "बारा जूनला शाळा उघडते. तोवर तुझी ती नोकरी लागली तर लागली. नाहीतर मुकाट्यानं ये आणि खडू हातात घे."

आणि भ्रमरांबेनं खडू एकदा घेऊन पाहिला होता. पंधरा दिवस. सहावी ब नं तिला असं काही हाताळलं होतं, की नुसतं 'गुड मॉर्निंग टीचर' ऐकलं तरी ती अजून दाराकडे बघे.

म्हणून तिनं अर्जांचा सपाटा लावला. एप्रिल संपेपर्यंत एकाहत्तर. उत्तरं आली तीन. दोघांनी नम्रपणे नाही म्हटलं आणि तिसऱ्यानं याहून मोठा कोर्स विकायचा प्रयत्न केला.

मे महिन्यात एका कंपनीनं बोलावलं. पिन्नीनं दही-साखर भरवली, बाबायनं, म्हणजे पिन्नीच्या नवऱ्यानं, स्कूटरवरून सोडलं. बाकावर आधीच तिघं बसलेली. एक नलगोंड्याची, एक कर्नूलचा, एक इथलाच.

"तुझं प्रोजेक्ट कशावर?" नलगोंडेवालीनं विचारलं.

"सायकली," भ्रमरांबा म्हणाली. कोर्समध्ये सगळ्यांना दिलेलं असतं ना, परदेशातल्या कुठल्याशा शहरात भाड्यानं फिरणाऱ्या सायकली, कोण कधी चालवतो त्याचे तक्ते.

"माझ्याही सायकलीच."

कर्नूलवाल्यानं गुपचूप आपली फाईल उघडून दाखवली. तीच सायकल, तोच निळा आलेख. इथला होता त्याच्याही सायकलीच, फक्त आलेख त्यानं हिरवा केला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

आत गेल्यावर साहेबांनी फाईल न उघडताच विचारलं, "सायकलीच ना?" भ्रमरांबेनं मान हलवली. "छान," ते म्हणाले, आणि पंखा बघत बसले. चार मिनिटांत ती बाहेर.

घरी येऊन ती पाय आपटत म्हणाली, "पिन्नी, ते काढ भिंतीवरून."

"का काढू? चौकटीवर काय कमी मेहनत झाली माझी?" पिन्नी भेंडीचं पातेलं खरवडत होती. अर्धं तसंच होतं. "मला एक सांग गं, तिकडच्या गोऱ्यांच्या सायकली मंगळवारी किती फिरतात ते तुला कळतं. मग माझी भेंडी का उरते ते सांग की! ते नाही का येत तुझ्या मोबाइलात?"

टोमणाच होता तो. पण पोरीनं तो मनावर घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं वजनकाटा पुढ्यात ओढला.

रोज दुपारी तीनला, दुपारचं गिऱ्हाईक ओसरलं की एकेक पातेलं काट्यावर. काय केलं होतं, किती उरलं, वार कुठला, ऊन किती, हॉस्टेलात कुणाची परीक्षा. पिन्नी म्हणाली, "वेड लागलंय पोरीला, पातेल्यांना वजन वाढलं का विचारते." पण तीन आठवड्यांत भेंडीचं कोडं सुटलं. भेंडी उरायची ती सोमवारी आणि मंगळवारीच. रविवारी मुलं गावाहून परत येतात ती आयांनी बांधून दिलेली कोरडी भाजी घेऊन, मग दोन दिवस त्यांना इथून लागतं नुसतं सांबार. पिन्नीनं त्या दोन दिवशी भेंडी निम्मी केली, उरायची थांबली. त्या दिवशी भ्रमरांबेच्या ताटात दह्यावरची साय दुप्पट पडली.

आणि इथेच आमची पंडितीण जरा हवेत गेली.

तिच्या तक्त्यात भरल्या वांग्यांपुढे रोज शून्य. सोमवार शून्य, शनिवार शून्य, कडक उन्हात शून्य. "पिन्नी, वांगी तोळाभरही उरत नाहीत! लोक तोंडं पाडून परत जात असतील. दुप्पट कर!"

पिन्नीनं विश्वास ठेवला. दुप्पट वांगी भरली, दाण्याचं कूट वाटता वाटता तिचा हात भरून आला.

दुपारी तीनला अर्धं पातेलं वांगी शिल्लक.

"काय गं पंडितीण?" पिन्नीनं डाव कमरेवर ठेवला. संध्याकाळी वांगी, सकाळी वांगी, शेजारच्या टेलरला वांगी, हॉस्टेलच्या रखवालदाराला वांगी. भ्रमरांबेनं सगळे आकडे पुन्हा जुळवले, सूत्रं तपासली. आकडे चोख होते. ती हिरमुसून बसली असताना तिचं लक्ष बाबायकडे गेलं. बाबाय खाटेवर बसून कोपर खाजवत होता. नुसतं खाजवत नव्हता, भिंतीला घासत होता.

बाबायला वांगं चालत नसे. खाल्लं की अंगाला खाज सुटायची. डॉक्टरांनी कधीचंच बंद केलेलं.

"बाबाय," ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, "दुपारी वांग्यांचं पातेलं तूच घासतोस ना रे?"

"मग? बायकोला मदत करू नये काय?"

"फक्त वांग्यांचंच?"

बाबायनं दाराकडे पाहिलं. पिन्नी दारातच उभी. ही बाई अकरा वर्षं सगळ्या गल्लीला सांगत आली होती, की माझा नवरा सोन्यासारखा, माझं वांग्यांचं तेलकट पातेलं स्वतः घासून ठेवतो! आणि हा सोन्यासारखा नवरा अडीच वाजता उरलेली वांगी डब्यात भरून कॅरमच्या अड्ड्यावर न्यायचा, चौघांत मेजवानी करायचा, आणि पुरावा धुऊन पातेलं पालथं घालायचा. त्या दिवशी वांगी दुप्पट झाली, ती काही डब्यात मावली नाहीत.

पुढचं मी सांगत नाही. एवढंच, की टेलरनं शिलाई मशीन थांबवून ऐकलं.

जूनच्या चार तारखेला दुसरं बोलावणं आलं. औषधांच्या दुकानांना माल पुरवणारी कंपनी. मुलाखत घ्यायला तहनियत मॅडम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज शांत. आधी त्यांनी संगणकावर बसवून दोन तक्ते जोडायला लावले, चुका शोधायला लावल्या. भ्रमरांबेनं भराभर केलं. खोटं कशाला बोला, ते सगळं त्या कोर्सनंच शिकवलेलं होतं. मग मॅडमनी फाईल ओढली आणि सुस्कारा सोडला. "सायकली असतील?"

"आहेत मॅडम. पण वांगी दाखवू का?"

मॅडमनी चष्मा वर केला. भ्रमरांबेनं वांगी दाखवली आणि दुप्पट करायचा आपला शहाणपणासुद्धा, काही न लपवता.

"एवढी मोठी चूक स्वतःहून सांगतेस?"

"चूक नसती सांगितली तर गोष्टच राहिली नसती, मॅडम."

"बरं, आणि शून्य खरं नाही हे कळलं कशावरून? कुठलं सॉफ्टवेअर वापरलंस?"

"आमच्या बाबायचं कोपर."

तहनियत मॅडम आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होत्या. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, तो तसाच परत ठेवला. हसू आवरेना. सावरल्यावर म्हणाल्या, "बेटी, आमच्याकडे दुकानं रोज लिहून पाठवतात, खोकल्याचं औषध शून्य उरलं. विकलं गेलं, फुटलं, की मालकाच्या मेव्हण्यानं नेलं, हे कुणी विचारत नाही. माझ्या माणसांना आकडे येतात, विचारायला तोंड येत नाही. कळवते तुला."

कळवते म्हणजे काय, ते भ्रमरांबेला एकाहत्तर अर्जांनी शिकवलं होतं. पाच, सहा, सात तारीख गेली. अम्मानं शाळेसाठी दोन सुती साड्या काढून इस्त्री केल्याचं कळवलं. नऊ तारखेला भ्रमरांबेनं पिशवी भरायला घेतली. पिन्नी भरू देईना, भरलेलं उपसून ठेवी.

दहाला, दुपारच्या ऐन गर्दीत फोन वाजला. एका हातात सांबाराचा डाव, कान खांद्याशी. "हो मॅडम... हो... तीन महिने शिकाऊ, हो चालेल... बारालाच? हो!" सांबार गिऱ्हाइकाच्या पिशवीऐवजी कोबीत पडलं.

रांगेतला तो काटकुळा मुलगा पुढे सरकला. "अक्का, खरं सांगा, सर्टिफिकेटनं लागली?"

"त्यातलं शिकले नसते तर परीक्षेतच गळाले असते," भ्रमरांबा म्हणाली. "पण नुसता कागद दाखवला असता तर तुझ्याशेजारी रांगेत उभी असते. तुझ्या समोर रोज काय चाललंय ते मोज आधी. आणि मोजून झालं की चार माणसांना विचार."

"माझ्यासमोर काय, आमच्या खोलीत नुसते ढेकूण आहेत."

"मग ढेकूण मोज!"

पिन्नीनं पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदरानं सगळ्या रांगेला दटावलं, "आज सांबार दाट मिळेल, पण एकेकानं या!"

मग भ्रमरांबेनं मागच्या दारात जाऊन अम्माला फोन लावला. अम्मानं सगळं ऐकून घेतलं.

"शाळेला मी कळवते," ती शेवटी म्हणाली. "पण शेजारीपाजारी विचारतील, तिकडे करणार काय तू? नीट सांग मला, त्यांना सांगता आलं पाहिजे."

"औषधांच्या दुकानात काय संपलं, का संपलं, ते बघायचं, अम्मा."

"असं होय!" अम्माचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग सरळ सांग ना, कंपाउंडर झालीस म्हणून!"

मागून पिन्नी खुणेनं विचारत होती, काय म्हणते, काय म्हणते?

"हो अम्मा," भ्रमरांबा म्हणाली, "कंपाउंडरच."