भट्टी विझली होती तेव्हा

आमचं घर गोंदियात, राइस मिलच्या मागच्या अंगाला, आणि त्या मिलची भट्टी पेटवणारा मीच. धान उकडायला भट्टीत भुसा जळतो, त्याची काळी राख वाऱ्यासोबत आमच्याच छतावर येऊन पडते. म्हणून इकडे रोज सकाळी छत ओल्या फडक्यानं पुसायचं. न पुसता पापड वाळत घालणारी बाई आमच्या गल्लीत अजून जन्माला यायची आहे.

लॉकडाऊनमध्ये मिल बंद पडली. काही दिवसांनी मायनं छत पुसलं, तर फडकं पांढरंच. तिला वाटलं, आपलाच हात नीट फिरला नाही. तिनं परत पुसलं, मग मला वर बोलावून माझ्याकडूनही पुसून घेतलं. मीही गाढवासारखा रगडत बसलो! राखच पडत नाहीये, हे दोघांच्याही डोक्यात यायला वेळ लागला.

मायला दमा. वर्षानुवर्षं उशांना टेकून बसल्या बसल्या झोपणारी बाई त्या उन्हाळ्यात आडवी होऊन झोपू लागली. जिना न थांबता चढायची. छतावरून शेजारणीशी गप्पा मारायची; आधी तिचं बोलणं अर्धंच राहायचं, खोकला पुढं धावायचा. ते पाहून मला फार बरं वाटायचं, आणि त्याच वेळी डब्यातले तांदूळ अजून किती दिवस पुरतील ते मोजत बसायचो. घरात कमावता मी एकटा. लोक म्हणत, देवानं हवा धुऊन काढली. देवानं कशाला? माझी भट्टी विझली होती.

मग शेठचा फोन आला, कल से चालू करो. मायला मी सांगितलंच नाही. ताटातला भात चिवडत बसलो. पण तिनं ऐकलं होतं.

"सांगून काऊन नाही राहिला?"

"तुझा दम, माय."

"माझा दम मी पाहीन. तू घरी बसून वाळून चालला, ते मले दिसून नाही राहिलं का?"

दुसऱ्या दिवशी मी भट्टी पेटवली. भुशाची पहिली पाटी उचलली, क्षणभर धरून ठेवली, मग टाकली. हळूहळू मायचा खोकला परत आला. अशाच एका संध्याकाळी मी कामावरून आलो, कडकडून भूक लागली होती, ताट पुढं ओढलं. माय समोर भिंतीला टेकून माझ्याकडं पाहत होती.

"आज... पोटभर... जेवून राहिला," ती म्हणाली. एवढंसं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं, पण चेहऱ्यावर समाधान होतं. घास माझ्या तोंडातच अडकला. ती पाहत होती, म्हणून गिळला.