बैठकीतला गळका नळ

आमचे हे प्लंबर. आजूबाजूची जाणती माणसं कॉलेजशी जोडायला कॉलेजने मंडळ काढलं आणि त्यावर ह्यांना घेतलं. बिनपगारी काम, तरी हे दर महिन्याला इस्त्रीचा शर्ट घालून जातात. बैठकीच्या खोलीतला नळ दोन वर्षं गळत होता. हे म्हणाले, "वॉशर बदलतो, पाच मिनिटांचं काम."

प्राचार्य म्हणाले, "तुम्ही सल्लागार. फक्त सुचवायचं."

ह्यांनी बावीस वेळा सुचवलं. शेवटी डोकं फिरलं, तेव्हा चहाच्या सुट्टीत गुपचूप नळ दुरुस्त करून आले. आज पत्र आलंय: नळ गळायचा कसा थांबला, हे शोधायला समिती नेमलीय. अध्यक्ष आमचे हेच.

आणि हा माणूस शर्टाला इस्त्री करतोय.