एप्रिलमधले पायमोजे

सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि माझी शेवटची पोस्टिंग आली. ठिकाण शनिवार पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ऑर्डर काढली माझ्या बायकोने, सुनंदाने. ती हिंजवडीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. सकाळी कंपनीच्या बसने जाते आणि दिवेलागणीला ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडत परत येते. मधल्या वेळात तिच्या आईची जबाबदारी माझी. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, साखरेच्या पेशंट, आणि सुनंदा एकुलती एक. चार्ज घ्यायला दुसरं कोणी नव्हतं.

चार्ज दिला तो बस पकडायच्या घाईत.

"गोळ्या जेवणाआधी. चहा बिनसाखरेचा. आणि आईला ऑर्डरी सोडू नका."

शेवटची सूचना मी कानाआड केली. त्याच सकाळी सासूबाईंना दिवसभराचा कार्यक्रम सांगितला. उठणं, चालणं, नाश्ता, विश्रांती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो जावईबापू, सीमेवर आता काहीच काम उरलं नाही का?"

तुम्ही सिव्हिलियन लोक फौजी भेटला की गोळीबाराचं विचारता. गोळीबार पाहिला. पण अख्ख्या नोकरीत मी सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल, तर पाय. वर बर्फातल्या पोस्टवर मी प्लॅटून हवालदार होतो. गस्त परत आली की बंकरमध्ये सगळ्यांनी बूट काढायचे, मोजे काढायचे आणि पाय पुढे करायचे. मी टॉर्च घेऊन एकेकाच्या बोटांच्या बेचक्यात बघत जायचो. फोड आहे का, रंग बदललाय का, चिमटा काढला तर कळतं का. याला फूट इन्स्पेक्शन म्हणतात. वासाचं विचारू नका. तो वास वाऱ्यावर सोडला असता तर समोरची पोस्ट न लढता खाली झाली असती.

हे काम मला सुभेदार पवारांनी शिकवलं. साताऱ्याकडचा माणूस, बोलायला फटकळ. म्हणायचे, "रायफल मागनं बघ. आधी पाय बघ. आणि पहिले बूट स्वतःचे काढ. पोरं लाजत्यात." एकदा एक लान्सनाईक मोजा काढेना. "ठीक हाय साहेब, ठीक हाय," एवढंच म्हणत राहिला. पवारसाहेबांनी त्याचा पाय सरळ मांडीवर घेतला. अंगठा मेणासारखा पांढरा पडला होता. लगेच खाली पाठवला म्हणून पाय वाचला. मोजा काढायला का-कू करणारा काहीतरी लपवतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

तर एप्रिलचा महिना. सासूबाई रोज भर दुपारी गल्लीतल्या देवळात प्रदक्षिणा घालायला जायच्या. मी सोबत निघालो की म्हणत, "देवाकडे जायला बॉडीगार्ड लागत नाही." एका सकाळी त्या लोकरीचे पायमोजे घालून बाहेर आल्या. पुण्यात, एप्रिलमध्ये.

"आई, पायमोजे?"

"गार वाटतंय."

"बाहेर डांबर वितळतंय."

"वितळू दे. मला गार वाटतंय."

दुसऱ्या दिवशी तेच मोजे, तिसऱ्याही दिवशी तेच. चहाचा कप ठेवायला वाकलो तेव्हा वास आला. घामाचा वास वेगळा. हा जखमेचा होता, आणि तो मी झोपेतही ओळखला असता.

"आई, मोजे काढा. पाय बघू द्या."

"जावयाने सासूचे पाय बघायचे? हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"मोजे काढा. ही ऑर्डर आहे."

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यांचीही बाजू समजून घ्या. आमच्याकडे जावई म्हणजे पाहुण्यातला पाहुणा. त्याला पाटावर बसवायचं, आग्रह करून वाढायचं. जावई घरात राहून चहा करतो, हेच त्यांना आधी पचलेलं नव्हतं. त्याने आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे पाप, आणि तेही थेट त्यांच्या खात्यावर. मी गॅलरीत जाऊन सुनंदाला फोन लावला.

"आईंच्या पायाला जखम आहे. मोजे काढत नाहीत."

"तुम्ही ऑर्डर दिलीत?"

"दिली."

"तरीच. निघते मी. पण रस्ता सगळा जाम आहे."

म्हणजे हिंजवडीहून कुमक संध्याकाळपर्यंत पोचत नाही. साखरेच्या माणसाची जखम संध्याकाळची वाट बघत नाही. मी टीव्ही बंद केला, त्यांच्या समोर खुर्ची ओढली, स्वतःचे मोजे काढले आणि दोन्ही पाय स्टुलावर ठेवले.

"हे काय?"

"माझे पाय बघा जरा. काही दुखणं आहे का."

आता जावयाचे पाय म्हटल्यावर बघणं भाग होतं. त्यांनी चष्मा लावला आणि टाचेपासून सुरुवात केली.

"नखं किती वाढलीत. ही भेग बघा. दगड घालून घासा टाचा. लष्करात हेच शिकवतात वाटतं?"

"चुकलं. आता तुमचे."

"जावयासमोर पाय पसरू?"

"जावई रजेवर गेलाय. इथे प्लॅटून हवालदार बसलाय. त्याला सासू नाही."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि उजवा पाय पुढे केला.

मोजा जखमेला चिकटला होता. कोमट पाणी सोडत सोडत हळूहळू उतरवला. करंगळीखाली मोठा फोड फुटून चिघळला होता, वर हळद थापलेली, आणि कडा काळी पडत चालली होती.

"दुखतंय?"

"छे. काहीसुद्धा नाही."

बोंब मारणाऱ्या पायाची काळजी नसते. मुका पाय हातचा जातो.

तीन जिने खाली न्यायचं होतं. खांद्यावर घेतो म्हणालो, तर म्हणाल्या, "मी काय ज्वारीचं पोतं आहे?" शेवटी खाली दुकान असलेल्या रफिकभाई टेलरना हाक मारली. त्यांचं दुकान याच पेठेत आजोबांपासूनचं. ते गळ्यात टेप तसाच ठेवून वर आले.

"खुर्चीवरून नेऊ या. पुढून मी धरतो, सुभेदार. काकू, हात आत घ्या, कठडा लागेल."

निघालो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दार किलकिलं केलं.

"काय हो वहिनी, मिरवणूक कुठे निघाली?"

"तुमच्याकडे नाही. दार लावून घ्या."

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि लगेच धावपळ सुरू केली. म्हणाल्या, साखरेमुळे पायाची जाणीव गेली आहे. अजून आठवडाभर मोजा निघाला नसता तर पाय घोट्यापासून काढावा लागला असता. आता प्रयत्न करू, पण खात्री देत नाही.

"आजी, हे भाजल्याचं दिसतंय. कशाने भाजलं?"

"काय माहीत बाई."

"अनवाणी चालता का कुठे?"

"देवळात. रोज प्रदक्षिणा असतात."

"एवढ्या उन्हात? फरशी तापलेली असते हो."

"नवस होता. बाराच्या आरतीनंतरच घालायच्या, असा बोलले होते."

"कसला नवस?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं.

"यांना नोकरी लागू दे म्हणून. दिवसभर घरात असतात हो."

डॉक्टरीणबाई केसपेपरात डोकं घालून काहीतरी लिहू लागल्या. रफिकभाईंना खोकला आला आणि ते बाहेर निघून गेले. मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर पूर्ण वाचून काढलं.

त्यांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा सुनंदा येऊन पोचली आणि माझा दंड धरून बसून राहिली. मला भीती वाटत होती. वर पोस्टवर भ्यायला सवड नसते, हॉस्पिटलच्या बाकड्यावर भरपूर असते. ही बाई मला घराबाहेर काढायला देवाला साकडं घालत होती, आणि मी त्याच देवाला सांगत होतो की माझ्या नोकरीचं राहू दे, हिचा पाय ठेव.

करंगळी गेली. पाय राहिला. सासूबाई शुद्धीवर आल्यावर सुनंदाने रडत रडत सांगितलं, तर म्हणाल्या, "या वयात करंगळी कुणाला दाखवायची होती?"

घरी आल्यावर रोजचं ड्रेसिंग माझ्याकडे आलं. पहिले काही दिवस त्या पदराने तोंड झाकून बसायच्या. मग पदर सुटला आणि तोंड सुटलं. पट्टी सैल झाली, पट्टी घट्ट झाली, हवालदाराला आज उशीर का झाला. नंतर नंतर तर माझ्या मांडीवर पाय टाकून सरळ घोरू लागल्या. मी पट्टी बांधून झाली तरी उठायचो नाही. बंकरमध्येही पोरं अशीच पाय माझ्या हातात देऊन झोपी जायची. माणूस आपल्या भरवशावर झोपतो, यापरतं सुख मला पगारात, प्रमोशनमध्ये, कशातच मिळालं नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझीच हजेरी घेतली असती.

मध्येच हिंजवडीहून फोन आला. एका कंपनीला सिक्युरिटी सुपरवायझर हवा होता. सासूबाई बिछान्यावरून कान देऊन ऐकत होत्या.

"कोण?"

"नोकरी आलीय. तुमच्या देवाने ऐकलं."

"सांगा त्यांना, माणूस ड्यूटीवर आहे."

"आणि नवस?"

"देवाचं मी बघून घेते."

पावसाळा संपत आला तेव्हा जखम पूर्ण भरली आणि चालायची परवानगी मिळाली. मऊ तळाच्या चपला घेतल्या. त्यांनी पहिलंच फर्मान काढलं, मंडई. रिक्षा मंडईच्या दारात थांबवली आणि त्या माझा हात झटकून एकट्या आत शिरल्या. मी पिशवी घेऊन दोन पावलं मागे. वांगीवाली ओळखीची निघाली.

"आजी, लई दिसांनी? हे कोण, मुलगा का?"

"जावई. मुलगा असता तर 'पैसे पाठवतो, डॉक्टरला दाखव' म्हणाला असता. यांनी पाय मांडीवर घेतला." आणि त्याच दमात, "ही वांगी कालची आहेत."

मी दुसरीकडे तोंड करून उभा राहिलो. डोळे भरले होते, आणि मंडईत त्याला कांद्याचं निमित्त पुरतं.

गस्तीत पवारसाहेब नेहमी सगळ्यात शेवटी चालायचे. मागून सगळ्यांचे पाय दिसतात, कोण लंगडतोय ते कळतं, म्हणून. लान्सनाईकचा पाय वाचला, त्याच हिवाळ्याच्या शेवटी बर्फाचा कडा कोसळला तो आमच्या रांगेच्या शेपटावर. आम्ही सगळे पुढे होतो, सगळे वाचलो. मागे ते एकटे होते. ज्यांचे पाय त्यांनी मांडीवर घेतले, त्यांतला एक आज एसटी चालवतो, एक ऊस लावतो, आणि तो लान्सनाईक लेकीच्या वरातीत नाचला, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

सासूबाई पुढच्या गाळ्याकडे निघाल्या. मागून बघितलं. उजवा पाय थोडा आखडता पडत होता, पण पडत होता. साहेब असते तर तिथूनच त्यांना फोन लावून सांगितलं असतं. ते नाहीत, म्हणून तुम्हाला सांगितलं.